आपली डिश, त्यांची डिश आणि गच्चीवरची छत्री

मागच्या अंकात म्हटलं होतं की टीव्ही, वायफाय, मोबाईल, जे काय असेल ते विचारा. लोकांनी खरंच विचारलं. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, चार घेतलीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालो. माझ्याकडे डिश टीव्हीचे थोडे शेअर आहेत. व्हॉट्सअपवर वाचलं की अमेरिकेत डिशने आपला स्पेक्ट्रम विकून प्रचंड पैसा उभा केला. मग आपल्या शेअरला काही फायदा होईल का? – एक वाचक, नौपाडा

उत्तर : काका, आधी वाईट बातमी देतो. ती डिश वेगळी आणि आपली डिश वेगळी. गोखले रोडवर दोन जोशी राहतात म्हणून एकाला लॉटरी लागली की दुसऱ्याने पेढे वाटायचे नसतात. अमेरिकेतली ती डिश नेटवर्क, चार्ली अर्गन यांची, तिची मूळ कंपनी आता इकोस्टार. आपली डिश टीव्ही 2003 मध्ये झी ग्रुपने सुरू केली. नाव सारखं, धंदा सारखा, संबंध काही नाही.

पण त्या डिशची गोष्ट भारी आहे, म्हणून सांगतोच. अमेरिकेत डीबीएसडी आणि टेरेस्टार नावाच्या दोन कंपन्या होत्या, त्यांना उपग्रहावरून फोन चालवायचे होते. टेरेस्टारने 2009 मध्ये उपग्रह सोडला, त्याचा अँटेना उलगडला की 18 मीटर रुंद. एवढं करून गिऱ्हाईक आलंच नाही आणि दोघींनी दिवाळं काढलं. अर्गन यांनी 2011-12 मध्ये दोन्ही मिळून साधारण 280 कोटी डॉलरला घेतल्या. टीव्हीवाल्याला फोनचे उपग्रह कशाला हवेत? त्याला उपग्रह नकोच होते हो, त्यांच्या नावावर असलेला 40 मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नल पाठवायच्या लहरींचा पट्टा, हवा होता. तो होता उपग्रहाच्या फोनसाठी राखीव, म्हणून स्वस्त. मग डिसेंबर 2012 मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे आपल्या दूरसंचार खात्यासारखं समजा, परवानगी दिली की हाच स्पेक्ट्रम जमिनीवरच्या टॉवरसाठी वापरा.

आता उलवे-पनवेलच्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. शेतजमीन घ्यायची शेतीच्या भावात आणि एनए, म्हणजे बिगरशेती, करून घ्यायची. माती तीच, बांध तोच, फक्त कागदावरचा शिक्का बदलला की भाव कुठल्या कुठे. स्पेक्ट्रमचं डिट्टो तसंच आहे, तो हवेतला प्लॉट आहे आणि किंमत प्लॉटपेक्षा शिक्क्यावर ठरते.

पुढे 2014 मध्ये त्यांनी शेजारचा 10 मेगाहर्ट्झचा एच ब्लॉक लिलावात घेतला, साधारण 156 कोटी डॉलर. मधे 2013 मध्ये स्प्रिंट कंपनीच विकत घ्यायला निघाले होते पण ती सॉफ्टबँकेने नेली. तिथे नियम असा की प्लॉट घेतलात तर बांधकामही करून दाखवा, नुसतं कुंपण घालून बसू नका. म्हणून मग 2020 मध्ये बूस्ट मोबाईल ही फोनसेवा घेतली, 2022 च्या मे मध्ये लास वेगासला 5जी चालू केलं, जून 2023 पर्यंत 70 टक्के लोकसंख्येपर्यंत पोचायची अट होती, ती पुरी केली म्हणून जाहीर केलं. पण टीव्हीचं गिऱ्हाईक वर्षागणिक कमी आणि डोक्यावर कर्ज, त्यात मे 2025 मध्ये एफसीसीने पुन्हा विचारलं की एवढा स्पेक्ट्रम नीट वापरताय का. मग ऑगस्टमध्ये एटी अँड टी ह्या फोन कंपनीला दुसरा काही स्पेक्ट्रम विकायचा करार, साधारण 2300 कोटी डॉलरचा, आणि सप्टेंबरमध्ये ते मूळचे 40 आणि एच ब्लॉकचे 10 असे मेगाहर्ट्झ इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्सला साधारण 1700 कोटी डॉलरला, त्यात अर्धे रोख आणि अर्धे शेअर.

आणि स्पेसएक्स त्याचं काय करणार? मोबाईल थेट उपग्रहाला जोडणार. म्हणजे टेरेस्टारला जे करायचं होतं तेच! फिरून फिरून भोपळे चौकात.

मग आपल्या डिशला असा जॅकपॉट का नाही? कारण आपल्याकडची डीटीएच कंपनी, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर टीव्ही देणारी, प्लॉटची मालक नाही, भाडेकरू आहे. उपग्रहावरचे ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रं, भाड्याने घ्यायचे, सरकारला उत्पन्नाच्या 8 टक्के लायसन फी भरायची. टाटा प्लेने तर जीसॅट-24 हा 2022 मध्ये गेलेला अख्खा उपग्रह भाड्याने घेतलाय, पण घेतला तरी भाड्यानेच. भाड्याचं घर विकून श्रीमंत कोण झालंय? शेअर ठेवा की विका ते मी सांगणार नाही, तेवढी माझी अक्कल नाही, फक्त अमेरिकेच्या बातमीवर ठेवू नका.

आपल्याकडची खरी जुळी गोष्ट बघायची तर ठाणे-बेलापूर रोडने घणसोलीला, जिओच्या ऑफिसकडे जा. 2010 च्या लिलावात इन्फोटेल नावाच्या, तेव्हा कुणी नावही न ऐकलेल्या कंपनीने सगळ्या 22 सर्कलमध्ये, म्हणजे देशाच्या सगळ्या दूरसंचार विभागांत, ब्रॉडबँडचा स्पेक्ट्रम घेतला, 12,847 कोटी रुपयांना, आणि लगोलग ती कंपनी रिलायन्सने घेतली. तो स्पेक्ट्रम फक्त इंटरनेटचा होता, फोन कॉलला परवानगी नव्हती. 2013 मध्ये 1,658 कोटी भरून कॉलचीही परवानगी मिळाली. झालं एनए! सप्टेंबर 2016 ला जिओ आली आणि पुढचं तुमच्या खिशातच आहे. तेव्हा ह्या परवानगीवरून बरीच बोंबाबोंब झाली होती आणि माझ्या मते ती अगदीच उगाच नव्हती.

प्रश्न : पाऊस जोरात आला की ऐन सिरियलच्या वेळी डिश जाते, मोबाईल मात्र चालू असतो. माझ्या जावेचं म्हणणं आमची छत्रीच खराब आहे. – एक गृहिणी, वर्तकनगर

उत्तर : ताई, जावेला सांगा छत्री चांगली आहे. डिशचा सिग्नल येतो 36 हजार किलोमीटरवरून, 11-12 गिगाहर्ट्झला, त्याची लहर जेमतेम अडीच सेंटीमीटर आणि एवढ्या बारीक लहरीला पावसाचे टपोरे थेंब नडतात. मोबाईलच्या लहरी बऱ्याच लांब आणि टॉवर दोन गल्ल्या सोडून, त्याला पावसाचं काही नाही. दहा-पंधरा मिनिटांत सर ओसरली की चित्र येतं. येत नसेल तर मग गच्चीवर जाऊन बघा. आमच्याकडे मे महिन्यात वॉटरप्रूफिंगवाला आला होता, त्याने बादली ठेवायला जागा हवी म्हणून सात-आठ छत्र्या थोड्या थोड्या सरकवल्या. आम्ही जूनभर पावसाला शिव्या घालत बसलो. छत्रीचं तोंड आग्नेयेकडे असतं, कुठल्या कंपनीची त्याप्रमाणे थोडं इकडे तिकडे, आणि एक-दोन अंशांचा फरकसुद्धा चालत नाही. स्वतः फिरवू नका, सिग्नल मोजायचा मीटर असलेला माणूस बोलवा.

प्रश्न : स्टारलिंक घ्यावं का? खारघरला फायबर आहे पण महिन्यातून दोनदा कुठेतरी खोदकामात केबल तुटते. – खारघर, सेक्टर 20

उत्तर : केबल तुटते म्हणून आकाशात जायचं म्हणजे लिफ्ट बंद पडते म्हणून हेलिकॉप्टर घेण्यासारखं. स्टारलिंक म्हणजे वरच्याच स्पेसएक्सचं उपग्रहावरून येणारं इंटरनेट. ह्यांचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर फिरतात म्हणून जुन्या उपग्रहांपेक्षा उत्तर फार लवकर येतं, व्हिडिओ कॉल नीट होतो, हे खरं. पण एका भागावर पडणारा बीम त्या भागातल्या सगळ्या गिऱ्हाइकांत वाटून जातो. खारघरच्या एका टॉवरमध्ये जेवढी बिऱ्हाडं तेवढी मोखाड्याच्या अख्ख्या पाड्यात नसतात, म्हणून ही वस्तू मोखाड्याची आहे, तुमची नाही. जून 2025 मध्ये स्टारलिंकला लायसन मिळालं, पण लायसन वेगळं आणि स्पेक्ट्रम वेगळा. 2023 च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे उपग्रहाचा स्पेक्ट्रम लिलाव न करता सरकार वाटून देणार, कारण एकच स्पेक्ट्रम चार उपग्रहवाले आपसात जमवून वापरू शकतात. मोबाईल कंपन्यांना हे अजिबात आवडलेलं नाही, आम्ही लिलावात पैसे मोजले मग ह्यांना फुकट का म्हणून. फुकट नाहीये तसं, मे 2025 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, उत्पन्नाच्या 4 टक्के घ्या म्हणून शिफारस केली, शिवाय शहरातल्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे वर्षाला 500 रुपये. म्हणजे ट्रायलाही वाटतं तुम्ही शहरवाल्यांनी ह्या वाटेला जाऊ नये.

तुम्ही त्यापेक्षा बॅकअपला 5जीवालं वायफाय बघा, एअरफायबर म्हणतात ते. खिडकीबाहेर छोटा डबा बसवतात, खोदकामाचा प्रश्न नाही. पण आधी घरी येऊन सिग्नल तपासून द्या म्हणावं, मगच पैसे भरा. 5जीचा मोठा भाग 3.3 गिगाहर्ट्झच्या वरचा आहे, तो दोन भिंती पलीकडे धापा टाकतो. 700 मेगाहर्ट्झवाला आरामात आत शिरतो, पण त्यावर वेग कमी. आणि तुमच्या सोसायटीने टॉवर नको म्हणून ठराव केला असेल तर मला नेटवर्कची तक्रार लिहू नका, असल्या पत्रांचा माझ्याकडे गठ्ठा झालाय.

प्रश्न : आता सगळं ओटीटीवर बघतो. गच्चीवरची जुनी छत्री भंगारात देऊ का? – कळवा

उत्तर : नुसते तुम्ही नाही, देशात 2020-21 ला पैसे भरून डीटीएच बघणारी सात कोटींच्या आसपास कनेक्शनं होती, 2025 मध्ये ती सहा कोटींच्या खाली आली. पण भंगारवाला त्याचे देईल किती? घरात आईवडील असतील तर तीच छत्री दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशकडे वळवून घ्या, त्याचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, नवा सेट टॉप बॉक्स एकदाच घ्यायचा, महिन्याचं बिल नाही. एलएनबी, म्हणजे छत्रीच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा, तोच चालेल की बदलायचा ते छत्री वळवणारा माणूस वर चढून बघेल आणि सांगेल. फक्त रविवारी सकाळी बोलवू नका, गच्चीची चावी सेक्रेटरीकडे असते आणि ते उठत नाहीत.