होडीची गळती: आधी जागा बघा, मग सीलंट घ्या

पाण्याखालच्या, कायमच्या जोडाला पॉलियुरेथेन सीलंट (फट बुजवणारा चिकट लेप) लावा. पण पुढे उघडावा लागणारा भाग त्याने चिकटवू नका, काढताना फायबर उखडून येतं. डेकवरच्या (होडीच्या वरच्या तळावरच्या) फिटिंगला ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) उत्तम. प्लास्टिकच्या खिडकीला पॉलिसल्फाइड सीलंट नको, प्लास्टिक तडकतं. सिलिकॉन शक्यतो टाळाच. त्याचा अंश राहिला की वर ना रंग धरतो, ना दुसरं सीलंट.

जुनं सगळं खरवडा, ॲसिटोनने पुसा (प्लास्टिकवर ॲसिटोन नको), पूर्ण वाळू द्या. भोकाची वरची कड किंचित तिरपी कापा, म्हणजे बोल्टभोवती सीलंटची कडी बसते. ट्यूबमधलं सीलंट असेल तर पहिल्यांदा नट बेतानेच आवळा. सगळं बाहेर पिळलं गेलं की गळती परत आलीच. सुकल्यावर शेवटचा पीळ द्या, तोही नट फिरवून. बोल्ट फिरला तर सील तुटतं.