धावण्याआधी एनर्जी ड्रिंक घेणाऱ्या नव्या मुलांसाठी
साताऱ्यात पोलीस भरतीच्या तयारीला नव्याने आलेली मुले १६०० मीटरच्या सरावाआधी टपरीवरची एनर्जी ड्रिंकची बाटली रिकामी करताना दिसतात, म्हणून तुला हे आवर्जून लिहितो आहे. बाटलीवरचा बारीक मजकूर एकदा नीट वाच. लहान मुलांनी, गरोदर स्त्रियांनी आणि कॅफीन न सोसणाऱ्यांनी हे पेय घेऊ नये, दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर जाऊ नये, असे तिथेच छापलेले असते. २५० मिलिलिटरमध्ये साधारण ७५ मिलिग्रॅम कॅफीन असते. त्याने थकवा जात नाही, थकव्याची जाणीव तेवढी काही काळ दबते, आणि व्यायामाने आधीच वाढलेले हृदयाचे ठोके व रक्तदाब आणखी चढू शकतात. संध्याकाळी घेतलेल्या कॅफीनपैकी जवळपास निम्मे पाच तासांनंतरही शरीरात उरते, त्यामुळे झोप उडते, आणि पहाटे उठवत नाही म्हणून पुन्हा बाटली, हे चक्र मला सर्वांत घातक वाटते. साखरही भरपूर असते. छातीत धडधड, चक्कर किंवा हातांना थरथर जाणवली, तर धावणे तिथेच थांबव आणि डॉक्टरांना दाखव. यवतेश्वरचा घाट चढायच्या दिवशी अर्धा तास आधी केळे खा, पाणी पी, आणि घाम फार गेला तर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घे.