नुसते ओठ हलवू नका

नवऱ्याला अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले, रात्री चार-चारदा उठावं लागतं, प्रार्थना कोरडी वाटते, आपलं कुठलं पाप नडलं असेल असं मनात येतं आणि चर्चच्या मंडळीतलं कुणी घरी फिरकत नाही, असं एका ताईंनी लिहिलं आहे. विश्वास बळकट कसा करू, हा त्यांचा प्रश्न.

ताई,

पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही कंसात लिहिलंय, 'उपासनेत गीत सुरू झालं की मी नुसते ओठ हलवते, कुणाला कळू नये म्हणून.' मी तिथेच थांबले.

पापाचं आधी उरकते. बायबलात, योहान ९ मध्ये जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. तो प्रश्न आता मनातून काढा.

शास्त्रात आणखी एका बाईचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. १ शमुवेल, पहिला अध्याय. हन्ना शिलो इथल्या मंदिरात प्रार्थना करत होती आणि एली याजक तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं, ही प्यायलीय. त्याने तिला दटावलं. एवढा अपमान झाल्यावर कुणीही मुकाट्याने निघून गेलं असतं. हन्ना थांबली. मी प्यायलेली नाही, दुःखी आहे, परमेश्वरापुढे मन ओतत होते, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. तेव्हा कुठे एलीने तिला आशीर्वाद दिला. पुढे १८ वी ओवी वाचा: ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला दिसला नाही. तिने मागितलेला मुलगा, शमुवेल, तेव्हा पोटातही नव्हता! मागितलेलं हाती यायच्या आधीच तिला बळ आलं होतं.

तिचे ओठ मन ओतताना हलत होते, तुमचे हलतात मन झाकताना. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, 'सगळं ठीक ना?' विचारल्यावर 'प्रभूची कृपा आहे' म्हणालात, हेही तुम्हीच लिहिलंय. मग कुणी येत नाही म्हणून रुसायचं कुणावर? याकोब ५:१४ नुसार आजारी माणसाने मंडळीच्या वडीलजनांना बोलवायचं असतं. त्यांनी आपणहून ओळखावं, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही.

येत्या रविवारी गीत सुरू झालं की ओठ मिटून बसून राहा. बाकीचे गातील, तुमच्या वाटणीचंही. मार्क २ मध्ये पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं लिहिलंय.

उपासना संपली की पाळकांना गाठा. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' एवढंच म्हणू नका. त्याला सगळे हो म्हणतात आणि घरी जातात. वार आणि वेळ सांगा: 'बुधवारी आणि शनिवारी रात्री दहा ते पहाटे पाच कुणीतरी ह्यांच्याजवळ बसायला हवं. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, कशी ते मी दाखवते. मला झोपायचंय.' झोप मागायला लाजू नका. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली आडवा झाला, तर देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं, मधे झोपूही दिलं. परमेश्वर त्याच्याशी बोलला तो त्यानंतर.

घरी स्तोत्र १३ घ्या. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा 'कोठवर' येतं, तिसरी-चौथी मागणं, पाचवी-सहावी भरवसा. थकलेला माणूस थेट पाचवी गाठायला बघतो, कारण तीच 'विश्वासाची' वाटते. मग शब्द तोंडात राहतात आणि मन मागेच कुठेतरी. तुमची प्रार्थना कोरडी होते ती अशी. सध्या पहिल्या चारच ओव्या म्हणा, मोठ्याने, स्वतःच्या कानाला ऐकू येईल अशा. 'कोठवर'पाशी रडू आलं तर येऊ द्या. चौथीनंतर पुस्तक मिटा. पाचवी ज्या दिवशी आपसूक तोंडात येईल, त्या दिवशी म्हणा. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, आणि तेही दीडशे स्तोत्रांमध्ये मानाने बसलंय.

पाळक पुन्हा विचारतील, 'सगळं ठीक ना?' तुमचा पहिला शब्द 'नाही' असू द्या. एलीला उत्तर देताना हन्नाचाही तोच होता.