अक्षरांचा पहारा

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत चांदीचा ताईत सापडला. आतल्या कागदावर नऊ घरांची चौकट आणि अरबी आकडे आहेत. हा हिशेब कसला? (मिरज)

उत्तर : पंधराचा. वरच्या ओळीत ४-९-२, मधल्या ३-५-७, खालच्या ८-१-६ असेल तर आडवं, उभं, तिरकं, कसंही मिळवा, बेरीज पंधराच. अबजद पद्धतीत प्रत्येक अरबी अक्षराला किंमत असते. बे म्हणजे २, दाल ४, वाव ६, हे ८. कोपऱ्यांतले आकडे नेमके हेच, आणि ती अक्षरं जोडून होतो ‘बदूह’. या शब्दाला सरळ अर्थ नाही, आणि माझ्या मते त्याचा दरारा त्यामुळेच आहे. पत्र सुखरूप पोचावं म्हणून लोक लखोट्यावर हा शब्द किंवा त्याचे चार आकडे लिहीत. टेम्पोवर दिसणारा ७८६ हीसुद्धा अबजदचीच बेरीज, ‘बिस्मिल्ला’च्या पूर्ण वाक्याची.

ही चौकट फार जुनी. अल-गझाली या इस्लामी विद्वानांनी (मृत्यू ११११) तिचा उपयोग नोंदवलाय : पाणी न लागलेल्या दोन फडक्यांवर ती लिहायची, अडलेल्या बाईने तिच्याकडे बघायचं आणि मग फडकी पायांखाली ठेवायची. तुमच्या आजोबांना हा कागद कशासाठी मिळाला, हे मात्र घरातल्या म्हाताऱ्यांनाच विचारा. आपला ‘ताईत’ हा शब्दही अरबी ‘तावीज’वरूनच आला, मुळात अर्थ आश्रय मागण्याचा. कागद ओल्या हाताने उलगडू नका, जुनी शाई विरघळते.

प्रश्न : इस्लाममध्ये ताईत चालतो का? (सोलापूर)

उत्तर : एकमत नाही. ‘तमीमा’ म्हणजे अंगावर बांधायचा ताईत; तो लटकवण्याला हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, कडक मनाई आहे. फक्त कुराणाच्या आयती (वचनं) असतील तर अनेक विद्वान चालवून घेतात, काही तेही नाही. ताईत लिहिणारे आणि त्यांना बोल लावणारे शतकानुशतकं एकाच गल्लीत राहत आलेत.

प्रश्न : अंगरख्यावर अख्खं कुराण लिहीत, हे खरं का? (पुणे)

उत्तर : खरं. पंधराव्या-सोळाव्या शतकांतले भारतातले असे सुती सदरे आज परदेशी संग्रहालयांत आहेत. खळ दिलेल्या कापडावर चौकटी आखून त्यांत सुरा (कुराणाचे अध्याय) बारीक अक्षरांत भरलेल्या, काठाला अल्लाची नावं. चिलखताखाली घालायचे असं म्हणतात, पण धुता न येणारा सदरा घामात किती टिकणार, ही शंका माझ्या मनातून जात नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातला एक सदरा जेम सुलतान या उस्मानी (ऑटोमन तुर्की) राजपुत्रासाठी केलेला. १४७७ला काम सुरू झालं, १४८०ला संपलं. सुरुवातीची आणि शेवटाची वेळही ग्रहमान पाहून लिहून ठेवलेली. पुढच्याच वर्षी बाप गेला, गादी भावाने घेतली, आणि जेम युरोपात नजरकैदेत राहून १४९५ साली इटलीत वारला. सदरा शाबूत आहे.

प्रश्न : दिल्लीत हुमायूनच्या कबरीवर सहा कोनांची चांदणी आहे. ती ज्यू चिन्ह ना? (नाशिक)

उत्तर : तिथे नाही. मुस्लिम कारागिरांसाठी ती सुलेमानची, म्हणजे बायबलमधल्या सॉलोमन राजाची मुद्रा. जिनांना हुकमात ठेवणाऱ्या अंगठीवरची. आपल्या यंत्रांतही षट्कोन आहेच.

प्रश्न : घरच्या फारसी हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर ‘या कबीकज’ लिहिलंय. हे लेखकाचं नाव का? (हैदराबाद)

उत्तर : नाही हो, हा कसरीवरचा इलाज! ‘या’ ही अरबी हाक, म्हणजे ‘अरे कबीकज’. कबीकज हे मुळात एका विषारी वनस्पतीचं नाव. पुढे कोणीतरी त्याला किड्यांचा राजा करून टाकलं, आणि राजाचं नाव दिसलं की किडे पुस्तकाला तोंड लावणार नाहीत, असा समज पसरला. नेमकं तेच पान कुरतडलेलं मी एकदा पाहिलंय. तेव्हा पोथी सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा, आणि पावसाळा सरला की एकदा उघडून बघा.