परदेशातल्या परिषदेला जायच्या एनओसीसाठी अर्ज करताय? पैशाचा शब्दही काढू नका

ताई, परदेशातल्या परिषदेला जायची एनओसी (ना हरकत पत्र) अडकल्याची तुमची पोस्ट वाचली आणि मला २०१५ चा ऑगस्ट आठवला. तेव्हा माझंही असंच: गोषवारा मंजूर, आमंत्रण हातात, नोकरी अनुदानित विशेष शाळेत, आणि एनओसीबद्दल विचारलं की एकच उत्तर, "फाइल टेबलावर आहे." आयोजकांकडून आणखी एक पत्र मागवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नका मागवू. आधी तुम्ही दिलेल्या अर्जाची प्रत काढा आणि शेवटचा परिच्छेद वाचा.

पासपोर्ट, तिकीट, फोटोचं माप यावर मी काही लिहीत नाही, ते कुठंही सापडतं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका विशेष शाळेत शिक्षक. उजव्या पायाला कॅलिपर (चालायला आधार देणारी पट्टी). शाळा सुटल्यावर आसपासच्या गावांत घरभेटी द्यायचो. त्या कामावरचा गोषवारा टोकियोच्या आशिया-पॅसिफिक सीबीआयडी काँग्रेसला (म्हणजे पूर्वीचं सीबीआर, समाजाच्या सहभागातून गावातच दिव्यांगांचं पुनर्वसन) निवडला गेला. परिषद सप्टेंबरच्या सुरुवातीला होती. जपानच्या व्हिसाला लागणारं आमंत्रणपत्र, हमीपत्र, मुक्कामाचा दिवसवार तपशील, सगळं तिकडच्यांनी वेळेत पाठवलं. राहिली होती ती आपल्या जिल्ह्याची एनओसी, आणि तिचा अर्ज मी जूनमध्येच दिला होता.

त्या अर्जाच्या शेवटी मी हौसेनं एक वाक्य जोडलं होतं: 'शक्य झाल्यास प्रवासखर्चासाठी आर्थिक साहाय्य मिळावे, ही विनंती.' मिळणार नाही हे ठाऊक होतं, पण मागायला काय जातं? टोकियो गेलं. त्या एका वाक्यामुळे साधी परवानगीची फाइल 'निधी मागणी' झाली आणि आस्थापनेच्या टेबलावरून उठून लेखा शाखेत गेली. लेखाचा शेरा: 'तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली?' फाइल परत. मी खुलासा दिला. मग 'खर्च कोण करणार याचे हमीपत्र जोडावे.' प्रत्येक त्रुटीचं पत्र शाळेच्या पत्त्यावर साध्या टपालानं यायचं. आठ-दहा दिवस त्यातच जायचे.

आणि ते कार्यालय (नाव घेत नाही) पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. बावीस पायऱ्या, कठडा फक्त डाव्या बाजूला, आणि माझी कुबडी डाव्या हातात. दिव्यांगांचंच काम पाहणारा कक्ष बरं का हा! पाचव्या खेपेला तिथले बाबू म्हणाले, "काऊन जी गुरुजी, जपानले जाऊन काय करता? पोरं तं इथंच हायेत." माणूस वाईट नव्हता, चहा पाजला त्यानं. पण सही ज्यांची लागत होती ते दौऱ्यावर होते. ते नेहमीच दौऱ्यावर असत.

एनओसी आली पोळ्याच्या आदल्या दिवशी. परिषद संपून आठवडा उलटला होता. पाकीट फोडलं तर आत काय, 'शासनावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही या अटीवर परवानगी देण्यात येत आहे.' तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन आली आणि विचारू लागली, सर, जपान कसं हाय?

पुढच्या वर्षी क्वालालंपूरच्या सीबीआर वर्ल्ड काँग्रेसला अर्ज केला तो चार ओळींचा. पहिल्याच ओळीत लिहिलं की खर्च मी स्वतः करणार, शासनावर भार नाही. मग तारखा, रजेचा प्रकार, सोबत आमंत्रणाची प्रत. बस. स्वतः नेऊन दिला, पोच घेतली, आवक क्रमांक वहीत लिहून ठेवला. अकराव्या दिवशी पत्र हातात. तुमच्या अर्जात पैशाची ओळ असेल तर खुलासे देत बसू नका. तो अर्ज मागे घ्या आणि नवा द्या. फाइल जिवंत ठेवण्यात काही अर्थ नाही.

अर्थात मी काही कायद्याचा माणूस नाही. माझा अनुभव जुना आहे, आणि दिव्यांग कल्याणचा वेगळा विभाग २०२२ मध्ये झाल्यावर टेबलंही बदलली. एक मात्र आधीच तपासून घ्या. राहणं-खाणं परदेशी आयोजक देणार असतील, तर सरकारी नोकरांना आणि सरकारी नियंत्रणातल्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांना एफसीआरए २०१० (परदेशी देणग्या आणि पाहुणचारावरचा कायदा) च्या कलम ६ खाली केंद्राची आधी परवानगी लागते. तुमच्या संस्थेच्या सीएला हे लेखी विचारा, तोंडी नको.

आता तुमच्यासोबत येणाऱ्या व्हीलचेअरवरच्या मैत्रिणीबद्दल. तिकीट काढताना नुसतं 'व्हीलचेअर हवी' म्हणू नका. एजंट सहसा डब्ल्यूसीएचआर हा विमान कंपन्यांचा कोड टाकून मोकळा होतो, म्हणजे जी पायऱ्या चढू शकते, फक्त लांब चालू शकत नाही अशी प्रवासी. तुमची मैत्रीण अजिबात चालत नाही, तिला डब्ल्यूसीएचसी लागेल. नाहीतर सीटपर्यंत नेणारी अरुंद खुर्ची ऐन वेळी सापडत नाही. किमान ४८ तास आधी कळवा. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत मागून घ्या, गादी आणि पाय ठेवायचे पायटे काढून सोबत आत न्या. खुर्ची बॅटरीची असेल तर बॅटरीचा प्रकारही आधीच सांगा.

सादरीकरणात १९७८ चा अल्मा-आटाचा प्राथमिक आरोग्य जाहीरनामा आणि सीबीआरचं पाच खांबांचं ते मॅट्रिक्स (तक्ता) समजावत बसू नका, तिथं सगळ्यांना पाठ असतं. क्वालालंपूरला माझ्या पंधरा मिनिटांतली सहा त्यातच गेली. लोक जागे झाले ते शेवटच्या फोटोला. कापूस वेचणाऱ्या एका बाईच्या अंगणात आम्ही चालायला शिकवण्यासाठी बांबूचे दोन समांतर दांडे रोवले होते. पोरीच्या कमरेइतकी उंची, हाताला कुसळं लागू नयेत म्हणून सायकलची ट्यूब गुंडाळलेली. आई शेतात जायच्या आधी, सकाळीच, पोरीच्या चार फेऱ्या. नेपाळच्या एका कार्यकर्त्यानं जेवणाच्या रांगेत गाठून विचारलं, जमिनीत किती खोल रोवता? दीड हात, म्हटलं, आणि टोकाला जळकं ऑइल लावा, वाळवी लागत नाही. त्यानं ते तळहातावर लिहून घेतलं.

अर्जाचा फोटो टाका इथंच. नाव आणि जावक क्रमांक झाकून टाका. रात्री शाळेतून आलो की पाहतो.