पाच वर्षांचा मुलगा चूक लपवण्यासाठी खोटे बोलतो. त्याला बरे-वाईट कळत नाही का? दोन फटके दिल्यास कळेल का?

आपल्या मुलाला बरे-वाईट पुष्कळसे कळते. खेळणी कुठे ठेवायची हा नियम मोठ्यांनी बदलला तर चालतो, पण दुसऱ्याला मारणे हे बाईंनी परवानगी दिली तरी वाईटच, हा भेद तीन-चार वर्षांची मुलेही करू लागतात. फटक्यांविषयी मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे.

मी सात वर्षांचा असताना वडिलांनी चष्मा मागितला. तो धावत नेताना माझ्या हातून निसटला आणि काच फुटली. त्यांनी काहीही न विचारता माझ्या थोबाडीत मारली. पुढे महिन्याभरातच, हात लावायला मनाई असलेली त्यांची शाईची दौत माझ्याकडून सांडली, तेव्हा मी साबणाने हात धुतले आणि चार वर्षांच्या बहिणीचे नाव सांगितले. तिला धड बोलून आपली बाजू मांडता आली नाही, आणि मार तिने खाल्ला. पहिल्या थोबाडीतून मी एवढेच शिकलो होतो की, सापडता कामा नये.

रात्री आईला माझ्या नखांच्या कडेला राहिलेली शाई दिसली. ती रागावली नाही. मला हाताला धरून तिने बहिणीच्या अंथरुणापाशी नेले. बहीण गाढ झोपली होती, तरी मधूनच तिला हुंदका येत होता आणि त्यासरशी तिचे खांदे हलत होते. "हिने काय केले होते?" एवढेच आईने विचारले. सकाळी मी आपण होऊन वडिलांना सगळे सांगितले.

मुलांच्या विचारशक्तीचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: एका मुलाकडून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात, तर दुसऱ्याकडून चोरून जॅम काढताना एकच फुटतो. लहान मुलांना बहुधा पंधरा कपवालाच अधिक वाईट वाटला. हेतूचा विचार वाढत्या वयाबरोबर पुढे आला. चष्मा फुटला म्हणून हेतू न विचारता मारणारा बाप त्या लहान मुलांच्याच मापाने न्याय करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझा थोरला भाऊ आजही म्हणतो की, मार खाल्ला म्हणून आपण सरळ राहिलो, आणि आता तो नातवावरही हात उगारतो. याउलट मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकापासून मांडलेले असे की, आपल्या वागण्याने दुसऱ्याला काय सोसावे लागले हे मुलाला दाखवले तर चुकीची बोच त्याच्या आत रुजते, नुसत्या धाकाने ती रुजत नाही. दादाला मी हे कितीदा तरी सांगितले आहे.

आपल्याला खरे काय ते ठाऊक असेल तर "तू केलेस का?" असे विचारून मुलाला खोटे बोलायची संधी देऊ नका; ज्याला त्रास झाला त्याच्यापाशी त्याला घेऊन जा. अर्थात वाहनापुढे धावणाऱ्या मुलाला समजावत बसायचे नसते, तिथे हात धरून ओढलेच पाहिजे. शिवाय पियाजे यांच्या गोष्टी मुलांना अवघड होत्या. सोप्या करून सांगितल्या तर पाच वर्षांची मुलेही हेतू ओळखतात, असे पुढच्या अभ्यासांत दिसले आहे, म्हणून वयाचा आकडा फार ताणू नये. बहिणीचे हुंदके मात्र दादाने ऐकले नव्हते, तो त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपला होता.