कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर सारखं का वाढवलं? लस कमी होती म्हणूनच ना?

तुटवडा होताच, पण अंतर वाढवायला शास्त्रीय आधारही होता. अर्धवट असला तरी. जानेवारी २०२१ मध्ये ४ ते ६ आठवडे, २२ मार्चला ६ ते ८ आणि १३ मे रोजी थेट १२ ते १६ आठवडे असं ते वाढत गेलं. शेवटच्या बदलानंतर कोविनवर ८४ दिवस भरल्याशिवाय दुसऱ्या डोसची वेळच मिळेना, म्हणून संशय बळावला. कोव्हिशिल्ड ही मूळची ऑक्सफर्ड विद्यापीठाचीच लस; फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ऑक्सफर्डच्या विश्लेषणात ६ आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत परिणामकारकता सुमारे ५५ टक्के, तर १२ आठवड्यांनंतर घेतलेल्यांत ८१ टक्के दिसली होती. ब्रिटनने तर ३० डिसेंबर २०२० लाच अंतर १२ आठवड्यांपर्यंत नेलं होतं. नुसता तुटवडाच कारण असता तर कोव्हॅक्सिनचंही अंतर ताणलं असतं. ते ४ ते ६ आठवडेच राहिलं, कारण तिच्याबद्दल अशी आकडेवारी नव्हती.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. त्या चाचण्यांत कोणाला किती अंतराने डोस द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, शिवाय त्या करोनाचा डेल्टा हा नवा प्रकार येण्याआधीच्या. डेल्टासमोर एक डोस फारच तोकडा पडतो, हे मे महिन्यात ब्रिटनच्या आकड्यांत दिसू लागलं. आपण अंतर वाढवलं १३ मेला; ब्रिटनने दुसऱ्याच दिवशी पन्नाशीपुढच्यांसाठी ते १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं. तेव्हा मार्चमधला बदल मला रास्त वाटतो, मेमधला तितकासा नाही.